सोयाबीनचा उलटसुलट प्रवास

दसऱ्याच्या आगेमागे भूम तालुक्यातील ईटच्या परिसरात मळणीयंत्रांची घरघर सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ पिकअप आणि छोट्या हत्तींची धावपळ. खळ्यावरचे सोयाबीन पोत्यांत भरायचे आणि शक्य तर त्याच आठवड्यात बार्शीच्या नाहीतर जवळच्या दुसऱ्या एखाद्या बाजारपेठेत अडत्याच्या दारात नेऊन उतरवायचे, असा आता रिवाजच पडला आहे. तिथून ते मोठ्या ट्रकमध्ये चढते आणि तेलाच्या कारखान्याकडे जाते. काही महिन्यांनी तेच तेल प्लास्टिकच्या पिशवीतून गावच्या किराणा दुकानात येते, आणि पेंडीचा काही वाटा पशुखाद्याच्या पोत्यातून गोठ्यापर्यंत पोचतो. शेत ते स्वयंपाकघर हे अंतर पायी दहा मिनिटांचे, पण मालाने त्यासाठी शेकडो किलोमीटरची प्रदक्षिणा घातलेली असते. या प्रदक्षिणेचे डिझेल कोणी जाळले, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले आणि धूर कोणाच्या छातीत गेला, हा हिशेब मात्र कुठल्याच पट्टीवर लिहिलेला नसतो.

मालवाहतूक पर्यावरणाला मानवेल अशी करायची म्हटले, की चर्चा लगेच वाहनाकडे वळते. विजेवरचे ट्रक, सीएनजीचे टेम्पो, कमी धूर सोडणारी इंजिने. १ एप्रिल २०२० पासून देशात ‘भारत स्टेज सहा’ ही मानके लागू झाली, हे चांगलेच झाले. परंतु गाडी नवी असो वा जुनी, जाताना भरलेली आणि येताना रिकामी धावणार असेल, तर निम्मे इंधन वाऱ्यावरच गेले म्हणायचे. आणि खेड्यातल्या गाड्या रिकाम्या परततात याला कारण आहे. जूनमध्ये खते-बियाणे गावात येतात तेव्हा बाहेर न्यायला माल नसतो, ऑक्टोबरात सगळ्यांनाच माल एकदम बाहेर काढायचा असतो तेव्हा आत आणायला काही नसते. भाड्याच्या गाड्या त्या दिवसांत मिळत नाहीत, मिळाल्या तर दर चढे, आणि बाजारात भाव पडलेला. मालाची गाडी कोणती, याच्याआधी माल कधी निघतो आणि का निघतो, हे विचारायला हवे.

वाहतुकीच्या अडचणीवर या भागाने पूर्वीच एक तोड काढलेली आहे, तिची आठवण इथे ठेवली पाहिजे. ती म्हणजे खवा. भूम तालुक्याचा खवा आणि कुंथलगिरीचा पेढा दूरवर प्रसिद्ध आहेत. बालाघाटच्या माळरानावर जनावरे आहेत, दूध आहे. पण धड रस्ता नाही, संकलनाची सोय नाही, आणि दूध तर काही तासांत नासते. मग पाच लिटर दूध आटवून त्याचा सुमारे किलोभर खवा करायचा. पाच किलोंचे ओझे एका किलोवर आले आणि टिकाऊपणही वाढले. वाहतुकीचा खर्च कमी करण्याची याहून सोपी युक्ती कोणी काढली असेल असे वाटत नाही. अर्थात तिची किंमतही मोजावी लागली. चार किलो पाणी उडवायला भट्टीत लाकूड लागते, आणि ते आसपासच्या बाभळी-लिंबांनी पुरवले. डिझेल वाचले, झाड गेले! आता तालुक्यात विजेवर आणि गॅसवर चालणारी खव्याची यंत्रे आली आहेत, सौर विजेवरचेही प्रयोग झाले आहेत. भट्टीपुढे बसून धूर गिळणाऱ्या बायकांच्या दृष्टीने तर ते फार आधी व्हायला हवे होते.

दुसरी तोड रेल्वेची. ईटला रेल्वे नाही, भूमलाही नाही. पण जवळच्या बार्शीला ती १८९७ मध्येच आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फूट रुंदीची छोटी लाईन टाकली. तोवर हा माल बैलगाड्यांनी मुख्य लाईनपर्यंत जात होता. कॅलथ्रॉपची कल्पना अशी, की रूळ हलके असले तरी चालतील, मात्र डब्यांचे आणि इंजिनाचे वजन प्रत्येक आसावर सारखे, पाच टनांपर्यंत, वाटलेले असावे. ही बार्शी लाईट रेल्वे १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारजमा झाली. तिच्या संथपणाचे विनोद आपण पुष्कळ ऐकले आहेत. पण कापूस, गळिताची धान्ये आणि वारकरी यांना तिने अर्धे शतक आणि त्याहूनही अधिक काळ वाहून नेले, हे त्या विनोदांत बुडून जाते.

पुढे २००७-०८ मध्ये लातूर-कुर्डुवाडी मार्ग रुंद झाला, आणि २०२३ पर्यंत या पट्ट्यात विजेची इंजिने धावू लागली. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण थोडे होते, म्हणून तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला रेल्वेला ट्रकच्या मानाने फारच कमी इंधन लागते. या मार्गाने आपली ताकद दाखवूनही दिली आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या नळांना कोरड पडली, तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर आणि नंतर पन्नास वाघिणींतून एका खेपेला पंचवीस लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरनी तेच पाणी आणायचे, तर एका खेपेसाठी अडीचशे टँकर रस्त्यावर उतरवावे लागले असते. पुढे २८ डिसेंबर २०२० रोजी देशातली शंभरावी किसान रेल्वे निघाली ती याच जुन्या बार्शी लाईटच्या वाटेवरच्या सांगोल्याहून, पार बंगालमधल्या शालिमारपर्यंत.

मग ईटचे सोयाबीन रेल्वेने का जात नाही? उत्तर साधे आहे. रेल्वेला पोती नकोत, अख्खी मालगाडी हवी. धान्याच्या एका पूर्ण गाडीत अडीच हजार टनांहून अधिक माल मावतो. शेतकऱ्याकडे असतात वीस-पंचवीस पोती. जुन्या छोट्या गाडीत लहान स्टेशनावरही थोडाथोडका माल चढवता येत असे. १९८० नंतर रेल्वेने फुटकळ मालाची बुकिंगे हळूहळू बंद करत आणली आणि सगळा भर पूर्ण गाड्यांवर ठेवला. रेल्वेच्या हिशेबी ते बरोबरही असेल. परंतु रुळांची रुंदी वाढली आणि लहान माणसाला दार बंद झाले, ही गोष्ट खरीच. आता हे दार उघडायचे, तर कोणीतरी वीस-वीस पोती एका जागी गोळा करून अडीच हजार टनांचा ढीग उभा केला पाहिजे. म्हणजे पुन्हा गोष्ट कोठारापाशी येते.

साठवण ही आपल्याला नवी विद्या नाही. सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी पेवात ठेवत. जमिनीत खोल खड्डा, आतून शेणामातीने लिंपलेला, कडेला पेंढा, तोंड मातीने बंद. आतला प्राणवायू संपला की किडा जगत नाही. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवे अशीच प्रसिद्ध होती. विजेचा एक दिवा न लावता हळद त्यांत राहायची. २००५ च्या महापुराने त्यांतल्या कितीतरी पेवांची माती केली. आज परदेशी बनावटीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या हवाबंद पिशव्यांत याहून वेगळे तत्त्व काही नाही.

आणि शहरातल्या वाचकांनी आपल्या घरातली कोठी आठवावी. मे महिन्यात वर्षाचा गहू आणि ज्वारी घ्यायची, उन्हात घालायची, गव्हाला एरंडेल चोळायचे, कडुनिंबाचा पाला घालून डबे भरायचे. त्या एका सोपस्काराने लक्षावधी घरे मिळून एक प्रचंड गोदाम तयार होत असे, आणि धान्य वर्षातून एकदाच प्रवास करीत असे. आता जागा नाही, वेळ नाही, हे मान्यच आहे. पण दहा मिनिटांत दारात येणाऱ्या किलोभर पिठासाठी एक मुलगा दुचाकी दामटत येतो, याला आपण सोय म्हणतो तेव्हा तिची दुसरी बाजूही पाहायला काय हरकत आहे?

गावाजवळ गोदाम असणे हा वाहतूक सुधारण्याचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, असे आमचे मत आहे. माल ठेवता आला तर तो ऑक्टोबरच्या गर्दीत निघणार नाही; खताची गाडी येईल तेव्हा परतीच्या भाड्यात जाईल. त्यासाठी पैसा अडकून राहू नये म्हणून राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या किंवा वखार महामंडळाच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत सहा टक्के व्याजाने उचल घ्यायची, मुदत सहा महिने. वीस क्विंटल सोयाबीन, समजा ४,५०० रुपये दराने, म्हणजे ९० हजारांचे. त्यावर ६७,५०० रुपये हातात, आणि सहा महिन्यांचे व्याज सुमारे दोन हजार. क्विंटलला शंभर रुपये!

इतकी सोपी योजना, तरी गावातला माल थांबत का नाही? एक तर गोदाम तालुक्याला, म्हणजे तिथवरचे भाडे आणि हमाली आलीच. दुसरे असे, की पुष्कळांनी पेरणीलाच अडत्याकडून उचल घेतलेली असते. त्याच्या दारात माल गेला नाही तर पुढच्या जूनला कोणाकडे जायचे? आणि भाव वाढेलच याची हमी कोण देणार? २०२१ च्या पावसाळ्यात सोयाबीन दहा हजारांच्या घरात गेले, त्या आशेवर पुढे माल धरून बसलेल्यांचे हात पोळले. २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ५,३२८ रुपये. बाजारात मात्र त्याच्या खालीच व्यवहार झाले. म्हणून साठवले की नफा, असे भोळे गणित कोणी मांडू नये. गोदामाने शेतकऱ्याला निवडीचे चार महिने मिळतात, इतकेच. पण आज त्याला चार दिवसही मिळत नाहीत.

केंद्राने ३१ मे २०२३ रोजी सहकारी संस्थांच्या पातळीवर धान्यसाठवणीची मोठी योजना मंजूर केली. तिच्या पहिल्या काही गोदामांत अमरावती जिल्ह्यातील नेरपिंगळाईचे गोदाम आहे. अशी गोदामे बांधताना जोते उंच हवे. सप्टेंबर २०२५ च्या पुराने भूम-परंड्यात काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. छपरावर सौर पत्रे, भिंतीला वाऱ्याची सोय, दारात ओलावा मोजण्याचे यंत्र एवढेही पुष्कळ झाले. बारा टक्क्यांवर ओलावा असलेले सोयाबीन थप्पीत ठेवले, की ते काळे पडणार हे सांगायला तज्ज्ञ नको.

अडचण बांधण्याची फारशी नाहीच. अनुदानातून उभी राहिलेली गोदामे आजही गावोगाव दिसतात. कुठे त्यांत सिमेंटची पोती असतात, कुठे लग्नाच्या मांडवाचे सामान, आणि कुठे नुसते कुलूप. ती चालवायला सोसायटीकडे वजनकाटा हवा, पावती देणारा जबाबदार माणूस हवा, आणि त्या पावतीवर पैसे देणारी बँक हवी. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्याव्या लागतात. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत सोयाबीन खळ्यावर येते. गोदामाचे कुलूप कोणी आणि केव्हा उघडायचे, हा विषय त्या सभेच्या पत्रिकेवर आणायला एका सभासदाचा एक अर्ज पुरतो.