संगणकाचा सांधेवाला

निमगाव केतकीहून पुण्याला रेल्वेने जायचे तर आधी बारामती गाठता येते. (एस.टी. सोयीची, हे खरे!) बारामतीची गाडी दौंडला येते आणि तेथे मार्ग फुटतात : पुण्याकडे, सोलापूरकडे, मनमाडकडे. गाडी कोणत्या रुळावर जाणार हे इंजिन ठरवीत नाही, सांधा ठरवतो. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या शाळेतील संगणकातही असा सांधेवाला असतो. त्याचे नाव बूट लोडर.

कळ दाबताच संगणक जागा होतो. पण त्या क्षणी त्याला विंडोजही ठाऊक नसते आणि लिनक्सही. मदरबोर्डवर कायम वस्तीला असलेला छोटा प्रोग्रॅम यंत्राची तपासणी करतो व डिस्कवरील बूट लोडरला हाक मारतो. तो कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आणून ठेवतो आणि बाजूला होतो. जुन्या पद्धतीत त्याच्या पहिल्या भागाला डिस्कच्या आरंभी जेमतेम ४४६ बाइट जागा मिळे. नव्या युईएफआय पद्धतीत लोडरांसाठी स्वतंत्र विभाग असून प्रत्येक प्रणालीचा लोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. त्यामुळे एका यंत्रावर दोन प्रणाली नांदवणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण देखभाल थांबवली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. अनेक जुन्या यंत्रांत ते नाहीत. मग ती यंत्रे भंगारात काढायची काय? मुळीच नाही. शाळांनी त्यांवर विंडोजशेजारी लिनक्स बसवावे. सी-डॅकची, २००७ मध्ये आलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली मराठीही जाणते. इंटरनेटचे काम लिनक्सवर करावे. केवळ विंडोजवर चालणारे जुने प्रोग्रॅम जाळ्याबाहेर राहून वापरावेत. आणि लोडरची यादी लपवू नये. ती दहा सेकंद तरी पडद्यावर राहू द्यावी, म्हणजे विंडोज म्हणजेच संगणक, हा समज मुलांच्या मनात घर करणार नाही.

मुलाने चुकीची ओळ निवडली तर? काही बिघडत नाही, यंत्र पुन्हा सुरू करावे. जपायचे ते बसवताना. आधी सर्व फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी, विंडोजचे फास्ट स्टार्टअप बंद करावे, आणि डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

एक गंमत मात्र घडू शकते. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेले दिसते. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर लावते, विंडोज तीच वेळ स्थानिक समजते. नेमके साडेपाचच तास का, हे भूगोलाच्या तासाला विचारा.