धुकं, कॉर्न पॅटिस आणि पिकाचू

परवा वीकेंडला महाबळेश्वरला गेलो होतो. आर्थर सीटला धुक्यात हातभरावरचं दिसेना. मग काय, कॉर्न पॅटिस आणि वाद! गेमर मित्र म्हणाला, "गेमवरच्या कार्टून सिरीज फसतातच. मूळ गेमशी इमान राखत नाहीत."

मला नाही पटलं. २००३ मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन हिंदीतून सुरू झालं. आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणाकडे गेमबॉय नव्हता. मुळात हा १९९६ चा जपानी गेम, हेही ठाऊक नव्हतं. तरी शाळेतून पळत घरी यायचो. कारण गेममध्ये बटणं आपल्या हातात, हिरो आपणच. सिरीजला ती सोय नाही. म्हणून तिने सारखा हरणारा अ‍ॅश दिला, आणि बॉलमध्ये बसायला साफ नकार देणारा पिकाचू. पहिल्या गेममध्ये पिकाचू १५१ पैकी एक, सुरुवातीला निवडायलाही मिळत नाही! १९९८ च्या यलो गेममध्ये मात्र तो हिरोच्या मागे चालू लागला. म्हणजे इमान कुणी कुणाशी राखलं?

२०२१ ची आर्केनही मी लीग ऑफ लेजंड्स न खेळताच पाहिली, दोन बहिणींसाठी.

असो. मित्र पसरणी घाट उतरून वाई येईपर्यंत भांडत होता.