पंधराशे रुपये आणि घामाचे दाम



मागच्या बैठकीत एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तावातावाने विचारले, "आपण 'भीक नको, हवे घामाचे दाम' म्हणत रस्त्यावर बसलो. आता आपल्याच घरचे लोक हप्ता आला का म्हणून बँकेच्या दारात उभे. मग आंदोलन संपले म्हणायचे का?" दुसऱ्याने जोड दिली, "बाया निंदणाला येईनाशा झाल्या, त्याचे काय?" दोघांनाही टाळ्या पडल्या. मी त्या दिवशी गप्प बसलो. आज उत्तर देतो.

आधी हिशोब मांडू. २०१९ पासून केंद्राचा सन्मान निधी वर्षाला ६,००० रुपये. २०२३ पासून राज्याचे नमो शेतकरीचे आणखी ६,०००. जुलै २०२४ पासून लाडकी बहीणचे महिन्याला १,५०० रुपये. पैसे सरळ खात्यात पडतात. यातला कोणता पैसा निवडणूक पाहून दिला, हे सांगायला शहाण्याची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. घरात आलेला पैसा घराचे काय करतो?

कुही तालुक्यातील एक घर मी जवळून पाहतो. तीन एकर कोरडवाहू, सोयाबीन आणि तूर. जमीन नवऱ्याच्या नावावर. बाई हिवाळ्यात मांढळच्या मिरची सातऱ्यावर देठ खुडायला जाते. दर मृगात बियाणे आणि खत उधारीवर. उधारीवर घेणाऱ्याला वाण निवडता येत नाही. दुकानदार देईल ती बॅग मुकाट्याने उचलायची आणि उगवले नाही तर तक्रारीला पक्की पावतीही नाही. सुगी आली की पहिली चुंगडी उधारीच्या नावाची.

२०२४ च्या दिवाळीपर्यंत या बाईच्या खात्यात ७,५०० रुपये जमा झाले. तिने दोन गोष्टी केल्या. सोयाबीन काढल्याबरोबर विकू दिले नाही, पंधरा दिवस अंगणात वाळवले. भाव वाढला नाही, खोटे कशाला सांगू? पण ओलाव्यापायी कापला जाणारा भाव वाचला. आणि पुढच्या मृगाला दोन बॅगा रोखीने, पावती घेऊन आणल्या. नवऱ्याने विचारले, कोणते वाण घेतले? घरात हा प्रश्न त्याने बायकोला पहिल्यांदा विचारला. मी शेतकी कॉलेजात शिकलो, बीजप्रक्रियेवर कितीतरी भाषणे दिली. ज्याच्या हातात रोख नाही त्याला वाण निवडण्याचे ज्ञान सांगून उपयोग नसतो, हे मला या घराने शिकवले.

रोख पैसा गरिबाला श्रीमंत करत नाही. तो त्याला 'आज नाही, थांबतो' एवढे म्हणण्याची ताकद देतो. आपल्या संघटनेने काय वेगळे मागितले होते? पडेल भावात माल न विकण्याची ताकद हेच तर आपले मागणे होते.

आता निंदणाचे. बाई म्हणते, एवढ्या मजुरीत येत नाही. तुम्ही रागावता. पण कळमन्याच्या यार्डात हर्रास लागतो आणि तुम्ही म्हणता, एवढ्या भावात माल देत नाही, तेव्हा तुम्हाला अन्याय झाल्यासारखे वाटते. ताकद तीच आहे. शेतकऱ्यात असली की स्वाभिमान आणि मजूर बाईत आली की आळस, असे कसे चालेल? मध्य प्रदेशात सेवा संस्थेने २०११ ते २०१३ या काळात काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा थोडी रक्कम रोख देऊन पाहिली. लोक घरी बसले नाहीत. दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी कमी करून ते स्वतःच्या शेतात जास्त राबले, शेळ्या-कोंबड्या घेतल्या, कर्ज कमी केले. तुम्हाला मजुरी परवडत नाही, हे खरे आहे. पण ती का परवडत नाही, याचे उत्तर बाईच्या खात्यात शोधू नका, काट्यावर शोधा.

काट्यावरचा हिशोब ऐका. त्याच घराचे त्याच वर्षीचे सोयाबीन बारा क्विंटल झाले. २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ रुपये. माल गेला ४,२०० ने. क्विंटलमागे ६९२, म्हणजे बारा क्विंटलला ८,३०४ रुपये बुडाले. बाईच्या खात्यात आले ७,५००. शरद जोशी ज्याला उणे सबसिडी म्हणत, ती ही. हा भाव आभाळातून पडला नाही. २०२१-२२ मध्ये खाद्यतेलाचे आयात शुल्क जवळजवळ पुसून टाकले. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनचे वायदे बंद केले. सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क वाढवले आणि मे २०२५ मध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क २० टक्क्यांवरून पुन्हा १० टक्क्यांवर आणले. एका हाताने घेतलेलेच दुसऱ्या हाताने परत मिळत असेल तर ती भीक कशी? तो आपलाच पैसा आहे. तो घ्यायला लाजू नका. पण त्याला उपकारही म्हणू नका.

एक गोष्ट मात्र मला झोपू देत नाही. १९८६ साली चांदवडला आपल्या मायबहिणींचे अधिवेशन झाले. त्यातून पुढे लक्ष्मीमुक्तीचे काम उभे राहिले आणि हजारो शेतकऱ्यांनी आपली जमीन बायकोच्या नावावर केली. आता आजचा नियम पाहा. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल तर त्याला दोन्ही निधींचे १२,००० आणि बायकोला लाडकी बहीणचे १८,०००, घरात आले ३०,०००. जमीन बायकोच्या नावावर असेल तर तिला निधीचे १२,००० मिळतात, म्हणून लाडकी बहीणचे महिन्याला फक्त ५०० मिळतात. घरात आले १८,०००. ज्याने बायकोला मालकीण केले त्याच्या घराला वर्षाला १२,००० रुपयांचा दंड! आणि जी मक्त्याने शेती करते, जिचे नाव पटवाऱ्याच्या कागदावर कुठेच नाही, तिला सन्मान निधीचा एक पैसा नाही. सन्मान राबणाऱ्याचा नाही, सातबाऱ्याचा आहे.

आणखी दोन खोटी. पहिली वेळेची. २०२५ मध्ये एप्रिल ते जुलैचा हप्ता २ ऑगस्टला आला. तोवर पेरणी होऊन डवरणीही झाली होती, उधारी होऊन गेली होती. मेअखेरचे दोन हजार आणि ऑगस्टचे दोन हजार ही एकच रक्कम नव्हे. दुसरी खोट किमतीची. शेजारच्या वर्ध्यात आणि मराठवाडा-अमरावतीकडच्या जिल्ह्यांत, मिळून १४ जिल्ह्यांत, केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना दोन रुपये किलोने गहू आणि तीन रुपये किलोने तांदूळ मिळत असे. जानेवारी २०२३ पासून त्याऐवजी माणशी महिन्याला १५० रुपये, पुढे १७० झाले. पाच किलो धान्य महागले तरी पाच किलोच राहते. दीडशे रुपयांचे मात्र दर वर्षी कमी धान्य येते. सन्मान निधीचे ६,००० तर २०१९ पासून जागचे हललेले नाहीत.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे मी चार मागण्या ठेवतो. सन्मान निधीचा खरिपाचा हप्ता ३१ मेपूर्वी खात्यात पडावा. रक्कम दर वर्षी महागाईप्रमाणे वाढावी. जमीन नावावर असलेल्या बाईची कपात रद्द व्हावी आणि मक्तेदारालाही निधी मिळावा. आणि चौथी, जिच्याशिवाय पहिल्या तिन्ही फोल आहेत: पेरणीनंतर सुगी संपेपर्यंत आयात-निर्यातीच्या नियमांत सरकारने हात घालू नये.

ज्येष्ठ कार्यकर्त्याला माझे उत्तर एवढेच. आंदोलन संपलेले नाही. उपाशी पोटाने माल रोखता येत नाही, हे आपण अनेकदा अनुभवले. आता घरातल्या लक्ष्मीच्या खात्यात पंधराशे रुपये आहेत. त्या बळावर आठ दिवस जास्त थांबता येईल. ते आठ दिवस घामाच्या दामासाठी वापरायचे की नाही, हे बैठकीत ठरवू. आणि या वेळी बैठकीला एकटे येऊ नका. जिच्या नावावर खाते आहे तिला सोबत आणा.