तार कंपनीची, जमीन रयतेची

कंपनीचा माणूस शेताच्या बांधावर खुंट्या ठोकू लागला की आमचा शेतकरी दोहोंपैकी एक गोष्ट करतो. एक तर हात जोडून गप्प बसतो, नाही तर काठी घेऊन धावतो. गप्प बसणाऱ्याचा पैसा बुडतो आणि धावणाऱ्यावर खटला होतो. तिसरा मार्ग कागदाचा आहे. तो आमच्या लोकांस ठाऊक नाही व ठाऊक करून देण्याची कोणास गरजही वाटत नाही, म्हणून हे चार शब्द लिहिणे आम्हास भाग पडते.

आम्ही विजेचे वैरी नाही. विहिरीवरचा पंप, सुताराचे रंधायंत्र, पोरांच्या अभ्यासाचा दिवा, सगळे तिच्यावर चालते. परंतु सर्वांच्या सुखाचा खर्च एकट्या कुणब्याच्या वावरातून का निघावा, एवढाच आमचा सवाल आहे.

या बाबतीतला मूळ कायदा १८८५ सालचा, तारायंत्राचा. परक्या सरकारने आपल्या तारा देशभर बेधडक नेता याव्यात म्हणून तो केला. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद पडली, पण तारेचा कायदा मेला नाही. २००३ च्या वीज कायद्याच्या १६४ व्या कलमाने सरकार लेखी हुकूम काढून तेच अधिकार वीज कंपनीस देऊ शकते. पुढे २०२३ साली दूरसंचाराचा नवा कायदा आला, तरी मोठ्या वीजवाहिन्यांपुरता जुन्या कायद्याचा तो भाग राखून ठेवला गेला. असा हुकूम ज्या कंपनीपाशी आहे तिला मालकाची आगाऊ संमती घ्यावी लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली सांगितले आहे. हे कडू आहे, पण खरे आहे. ‘आमच्या संमतीवाचून खांब रोवताच येत नाही’ असे छातीठोक सांगणारे पुढारी शेतकऱ्यास खड्ड्यात घालतात.

मात्र याच कायद्यात रयतेच्या बाजूच्या चार गोष्टी आहेत. कंपनीचा माणूस त्या सांगत नाही. पहिली, कंपनीस जमिनीचा फक्त वापर मिळतो, मालकी मिळत नाही. सात-बारा तुमच्याच नावाचा राहतो. दुसरी, काम करताना होता होईल तितके कमी नुकसान केले पाहिजे. तिसरी, झालेल्या नुकसानीची पुरी भरपाई दिली पाहिजे, आणि ती जमिनीत ज्यांचा ज्यांचा हितसंबंध आहे त्या सर्वांस. म्हणजे केवळ थोरल्या भावास नव्हे. वाटेकरी भाऊ, विधवा भावजय आणि जमीन कसणारे कूळ यांसही. चौथी, रक्कम कमी वाटली किंवा तिच्या वाटणीचा तंटा पडला, तर जिल्हा न्यायाधीशाकडे अर्ज करता येतो. त्यांचा निवाडा त्या कायद्याने अखेरचा असतो, म्हणून पुरावा आधीच पक्का हवा.

हुकूम नसेल तर गोष्ट वेगळी. २००६ च्या नियमांप्रमाणे अशा कंपनीने मालकाची किंवा वहिवाटदाराची आधी संमती घ्यावयाची, आणि त्याने हरकत घेतली तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणावयाची. तो अधिकारी भरपाई किंवा वार्षिक भाडे किंवा दोन्ही ठरवू शकतो. तेव्हा बांधावर आलेल्या माणसास पहिला प्रश्न हाच करावा: ‘साहेब, १६४ चा हुकूम आहे काय? असल्यास त्याची नक्कल द्या.’ हा प्रश्न विचारण्यास वकील लागत नाही.

आता पैशाचा हिशेब पाहू. शेतकरी फसतो तो इथेच. मनोऱ्याचे चार पाय जमिनीत रोवलेले दिसतात, म्हणून तो त्यांचेच पैसे मागतो. वरून जाणाऱ्या तारेचे काय, हे त्याच्या ध्यानात येत नाही. ६६ किलोव्होल्ट व त्यावरील वाहिन्यांसाठी केंद्र सरकारने २०१५ साली सूचना काढल्या, त्यांत मनोऱ्याखालच्या जागेस जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्यास जास्तीत जास्त १५ टक्के असे धरले होते. जून २०२४ च्या सूचनांत हेच प्रमाण २०० टक्के व ३० टक्के झाले. पिकांचे व झाडांचे नुकसान याहून निराळे. या सूचना म्हणजे कायदा नव्हे. राज्य सरकार ज्या रीतीने त्या स्वीकारील त्या रीतीने त्या लागतात. परंतु मोजण्याची रीत त्यांतून कळते.

समजा, जमिनीची किंमत गुंठ्यास २० हजार रुपये आहे. मनोऱ्याने एक गुंठा अडवला, तर २०० टक्क्यांनी ४० हजार रुपये झाले. तारेखालचा पट्टा ३५ मीटर रुंद व शेतातील लांबी ३०० मीटर धरली, तर १०,५०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०४ गुंठे होतात. त्याचे ३० टक्क्यांनी ६ लाख २४ हजार रुपये झाले. जो शेतकरी मनोऱ्याचे ४० हजार घेऊन ‘पूर्ण भरपाई पावली’ असे लिहून देतो, तो सहा लाखांवर पाणी सोडतो. आणि शेजाऱ्याच्या शेतात मनोरा नाही, नुसती तार आहे, त्यास तर आपले काही गेले असे वाटतच नाही. तारेखाली उंच झाड वाढवता येत नाही, घर बांधता येत नाही, आणि विकू म्हटले तर गिऱ्हाईक तोंड फिरवते. हे गेलेले नव्हे तर काय?

तेव्हा बंधु-भगिनींनो, इतके करा. काम सुरू होण्यापूर्वी पंचनामा मागा. त्यात प्रत्येक झाड जातीने व वयाने लिहवून घ्या. तार येण्यापूर्वी जे झाड होते त्याचीच भरपाई मिळते. विहीर, पाट, पाइप, उभे पीक यांचे फोटो काढून ठेवा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका. मराठीत लिहिलेला व तुम्हास वाचून दाखवलेला कागद असेल तरच हात पुढे करा. पैसे घेताना ‘हक्क राखून’ हे शब्द लिहा. जिल्हा दंडाधिकाऱ्याचा हुकूम झाल्यावर आडवे पडू नका, तो गुन्हा ठरतो. त्याआधीच लेखी हरकत द्या व पोच घ्या. कोर्टाचा खर्च झेपत नसेल तर १९८७ च्या कायद्याने स्त्रियांस, अनुसूचित जाती-जमातींस व ठरलेल्या मर्यादेहून कमी उत्पन्नाच्या लोकांस फुकट वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

कारागीर मंडळींनीही हे आपले नव्हे असे समजू नये. सुताराच्या दारातला खांब, कुंभाराच्या आव्यावरून गेलेली तार, लोहाराच्या छपराला घासणारी वाहिनी, यांस संमतीचा नियम तितकाच लागू आहे. दोन खणांच्या घराच्या मालकास एक हात जागा म्हणजे मोठी इस्टेट असते.

सरकारकडे आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. नोटीस मराठीत निघावी व ग्रामसभेत वाचली जावी. पैसा आधी मिळावा, खड्डा मागून खणावा. आणि तंट्यासाठी रयतेस जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या न लागता तालुक्यास निकाल मिळावा. शंभर गुंठ्यांचा धनी रोजगार बुडवून तारखांना फिरू लागला, तर भरपाईहून एस.टी.चे भाडे जड होते, हे कंपनीस पक्के ठाऊक असते.

आमच्या शाळेत पोरे गुंठा, आर, हेक्टर यांची गणिते करतात. त्यांनी आज घरी जाऊन बापाच्या जमिनीवरून किती मीटर तार गेली आहे ती मोजावी आणि हिशेब मांडावा. जमीन राखण्यास नांगर लागतो तशी पाटी-पेन्सिलही लागते.