गोळी का चुकते?

‘डॉक्टर, दोन-चार दिवस गोळी चुकली तर काय बिघडते? नंतर घेतोच की!’ एचआयव्हीची औषधे चालू असलेले रुग्ण हा प्रश्न हमखास विचारतात. रक्तदाबाची गोळी चुकली तर रक्तदाब वाढतो. ती पुन्हा सुरू केली की बहुधा उतरतो. गोळीचा गुण तोच राहतो. एचआयव्हीच्या औषधांचे तसे नाही. येथे वारंवार खंड पडला तर पुढे तीच गोळी नियमित घेऊनही उपयोग होत नाही. आणि राजोडीतल्या माझ्या दवाखान्याचा अनुभव असा, की विसरल्यामुळे जितक्या गोळ्या चुकतात त्याहून अधिक चुकतात त्या लपवाव्या लागल्यामुळे.

औषध निकामी का होते, ते आधी पाहू. हा विषाणू आपल्या पांढऱ्या पेशींत शिरून स्वतःच्या नकला काढतो. त्याची सारी माहिती सुमारे दहा हजार अक्षरांच्या साखळीत साठवलेली असते. उपचार न घेणाऱ्या रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. पूर्वी सातबाराचा उतारा हाताने लिहून मिळत असे. त्यात एखादा आकडा चुकला तर मूळ कागदाशी ताडून दुरुस्त करता येई. या विषाणूकडे ताडून पाहण्याची सोयच नाही. त्यामुळे नकलेमागून नकलेत चुका राहतात. यांनाच जनुकीय बदल किंवा म्युटेशन म्हणतात. बहुतेक चुका विषाणूच्याच मुळावर येतात. पण एखादी चूक अशी होते की औषध जेथे जाऊन आपले काम करते, त्या जागेची घडणच बदलते. मग औषध त्याला रोखू शकत नाही. लॅमिव्हुडिन या औषधाला दाद न देण्यासाठी तर त्या दहा हजारांतले एक अक्षर बदलले तरी पुरते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हे बदल औषधामुळे होत नाहीत, ते आपोआप होतच असतात. औषध पुरेसे असेल तर विषाणूची वाढ थांबते. नकलाच निघाल्या नाहीत तर चुका कुठून होणार? धोका आहे तो मधल्या अवस्थेत, म्हणजे रक्तात औषध आहे पण अपुरे आहे, तेव्हा. वाडीत अर्धीमुर्धी फवारणी केली की नाजूक कीड मरते आणि चिवट तेवढी उरून वाढते, हे आपल्याकडच्या बागायतदाराला सांगायला नको. येथेही तसेच होते. शिवाय असा चिवट विषाणू शरीरातील सुप्त पेशींत वर्षानुवर्षे दडून राहतो आणि तेच औषध पुन्हा दिले की डोके वर काढतो.

हे वैद्यकशास्त्राला अनुभवाने कळले. १९८७ मध्ये झिडोव्हुडिन हे एचआयव्हीवरचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले. ते एकटेच दिले जाई. काही काळ गुण येई, मग तब्येत पुन्हा ढासळे. दोनच वर्षांत त्याला न जुमानणारे विषाणू रुग्णांच्या रक्तात सापडले. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. एकाच नकलेत तिन्ही औषधांना चुकवणारे बदल एकदम होणे फार कठीण, हा त्यामागचा हिशेब. परंतु हा हिशेब तिन्ही औषधे रक्तात असतील तोवरच जमतो. नेव्हिरापिन, इफाव्हिरेन्झ ही जुनी औषधे शरीरात बराच काळ रेंगाळत. रुग्णाने तिन्ही गोळ्या एकदम सोडल्या तरी पुढे काही दिवस रक्तात तेवढे एकच औषध उरे. दोन-चार दिवसांचा खंड असा महागात पडे.

आपल्या राज्यात सुरुवातीला खंड पडे तो पैशाअभावी. १९९०च्या दशकात ही औषधे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. ज्याच्याकडे पैसे असतील तो ते असतील तोवर घेई. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ केला आणि जगभरच्या किमती खाली आल्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत उपचार सुरू केले. सुरुवातीच्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. चार वर्षे होण्याच्या आतच, जानेवारी २००८ मध्ये, पहिली औषधे लागू पडेनाशी झालेल्या रुग्णांसाठी दुसऱ्या फळीची औषधे जे. जे. आणि चेन्नईजवळच्या तांबरम येथे सुरू करावी लागली. ती अधिक महाग होती.

आज टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे एकाच गोळीत, दिवसातून एकदा, सरकारी केंद्रात मोफत मिळतात. डोल्युटेग्राव्हिरला चुकवणे विषाणूला पूर्वीच्या औषधांइतके सोपे नाही. म्हणून निर्धास्त राहावे असे मात्र नाही. त्यालाही दाद न देणारे विषाणू आढळू लागल्याचा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये दिला आहे.

मग गोळी फुकट असूनही चुकते का? घरात सासू-सासरे, दीर-जावा. बाटलीवरचे नाव कोणी वाचू नये म्हणून सून ती तांदळाच्या डब्यात लपवते. घरात पाहुणे असले की डबा उघडता येत नाही. लग्नाला चार दिवस गावी गेले की गोळ्या घरीच राहतात, कारण पिशवी कोणीही उचकते. अर्नाळ्याहून बोटीवर जाणाऱ्या खलाशाला रात्री सर्वांदेखत गोळी कशी घ्यावी हा प्रश्न पडतो. ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून कित्येक जण जवळचे केंद्र सोडून मुंबईला जातात. प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते. मार्च २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाल्या, तेव्हा अशांचे काय हाल झाले असतील याची कल्पना करावी.

लपवाछपवीचा आणखी एक तोटा आहे. क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन हे औषध डोल्युटेग्राव्हिरचे रक्तातील प्रमाण घटवते, म्हणून त्या काळात डोल्युटेग्राव्हिर दिवसातून दोनदा द्यावे लागते. अ‍ॅसिडिटीची काही औषधे, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या यांच्याही वेळा सांभाळाव्या लागतात. क्षयरोगाचा उपचार करणाऱ्या डॉक्टरपासून रुग्णाने एचआयव्ही लपवला, तर गोळी एकही न चुकता औषध अपुरे पडते. पण दवाखान्यातली गोष्ट नाक्यावर जाते असे रुग्णाला वाटत असेल तर तो बोलेल कसा? २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमतीशिवाय कोणाचा आजार उघड करण्यास मनाई केली आहे. डॉक्टर, परिचारिका, कंपाउंडर, केमिस्ट या सर्वांनी तो मनापासून पाळला पाहिजे.

शिस्तीचे धडे रुग्णालाच द्यावेत, हेही मला पटत नाही. २०२२ मध्ये औषधांच्या तुटवड्यामुळे रुग्णांना दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयासमोर निदर्शने करावी लागली. खंड सरकारी साठ्यामुळे पडला की रुग्णाच्या हातून पडला, हे विषाणू विचारत नाही.

रुग्णांना माझे सांगणे थोडक्यात असे. गोळीची वेळ एकच ठेवा. चुकली तर आठवताच घ्या, पण एकदम दोन घेऊ नका. संपण्याआधी चार दिवस केंद्रात जा. प्रवासात जादा गोळ्या जवळ असू द्या. ‘मुळापासून बरे करतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागून उपचार सोडू नका. रक्तातील विषाणूंची मोजणी, म्हणजे व्हायरल लोड, ठरल्या वेळी मोफत करून घ्या; औषध लागू पडते आहे की नाही ते त्यातूनच कळते. विषाणू मोजणीत सापडत नाही इतका दबलेला राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. चौकशीसाठी १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

आणि इतरांसाठी एवढेच. औषधांना न जुमानणारा विषाणू एका घरात थांबत नाही. ज्याला त्याची लागण होते, त्याच्यावर तीच औषधे पहिल्या दिवसापासून अपुरी ठरू शकतात. विषाणूचे बदल थांबवणे आपल्या हाती नाही. घरातल्या माणसाला त्याची गोळी ताटाशेजारी उघडपणे ठेवता यावी, एवढे मात्र आपल्या हाती नक्कीच आहे.