पाच फैरींचा पुरावा

तर झालं असं. भोसरी एमआयडीसीत माझा एक मित्र आहे. भाड्याचा गाळा, दोन सीएनसी, एक जुनी लेथ, चार कामगार. चाकणच्या गाड्यांना लागणारे बारीकसारीक टर्निंगचे पार्ट तो बनवतो. मागच्या महिन्यात त्याच्याकडे एक गृहस्थ ड्रॉइंग घेऊन आले. पोलादी डाय, आतला आकार बाटलीच्या मानेसारखा, टॉलरन्स एकदम टाईट, नग फक्त तीन. "पैशाचं बघू नका" म्हणाले. मेव्हणा अमेरिकेत असतो, त्याचा छंद आहे, तिकडे महाग पडतं, वगैरे. शिवाय त्यांना एक छोटा प्रोग्रॅमही हवा होता. प्रत्येक फैरीचा वेग टाकायचा, आलेख काढायचा आणि "बेस्ट चार्ज" कुठला ते सांगायचं. म्हणून मित्राने मला फोन केला.

ड्रॉइंग बघताच मला कळलं, कारण तसले व्हिडिओ मी पण बघतो. ७.६२ ची वापरलेली पितळी केस पुन्हा मूळ मापात दाबून आणायची डाय होती ती. अमेरिकेत हा रीतसर छंद आहे. उडालेल्या केसेस गोळा करायच्या, मापात आणायच्या, नवी प्रायमर टोपी बसवायची, तोलून पावडर भरायची, वर बुलेट बसवायची. मग रेंजवर जाऊन कुठला भार चांगला ते शोधायचं. निवृत्त आजोबा गॅरेजमधे बसून शांतपणे हे करतात. माझं त्यांच्याशी काहीच भांडण नाही.

भांडण आहे ते आपल्या लोकांशी. शनिवारी टपरीवर विषय निघाला तर सहाच्या सहा इंजिनियर एका सुरात म्हणाले, "त्यात काय एवढं? आपण इंजेक्टरचे पार्ट बनवतो. इथे परवानगी दिली तर आपली पोरं जगात भारी काडतुसं बनवतील." चहा गार झाला पण कोणी ऐकेना. म्हणून हे लिहितोय.

पहिला मुद्दा, "आपण मायक्रॉनमधे काम करतो." करतो ना! पण इंजेक्टरचा पार्ट गेजवर लावता येतो, पास झाला तर तोच पार्ट गाडीत जातो. काडतुसाची खरी परीक्षा म्हणजे ते उडवणं, आणि उडवलेलं काडतूस पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे तुम्ही जे वापरणार ते कधीच तपासलेलं नसतं, त्याची भावंडं तपासलेली असतात. म्हणून तर कारखान्यात लॉट असतो. एकच पावडर, एकच प्रायमर, एकच मशीन, त्यातून नमुने काढायचे आणि खास बॅरलमधे उडवून दाब मोजायचा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. तिथली विद्या फक्त लेथची नाही, लॉट पास करायचा की फेकून द्यायचा हे ठरवण्याचीही आहे.

आणि दाब म्हणजे किती? कॉमन रेल डिझेलमधे साधारण दोन हजार बार असतात आणि आपण त्याच्या सीलिंगसाठी रात्री जागवतो. ७.६२ च्या नागरी भावंडाची, म्हणजे .३०८ विंचेस्टरची, युरोपीय कमाल मर्यादा ४१५० बार आहे. दुप्पट! तोही गालापासून वीतभर अंतरावर. घरगुती हँडलोडरकडे हा दाब मोजायचं साधन सहसा नसतंच. तो उडालेल्या केसची टोपी चपटी झाली का, बोल्ट जड उघडतोय का, हे बघतो. ही लक्षणं उशिरा दिसतात, कधी कधी दिसतच नाहीत. लॉग न बघता सर्व्हरला हात लावून "फार तापला नाही, चालू दे" म्हणण्यासारखं आहे हे.

दुसरा मुद्दा, "टेस्ट करूनच वापरतात की." इथे माझ्यातला टेस्टर जागा होतो. पद्धत काय, तर पावडरचं वजन थोडं थोडं वाढवत न्यायचं, प्रत्येक पायरीवर तीन किंवा पाच फैरी झाडायच्या, जिथे वेग सर्वात सारखा येईल ती पायरी निवडायची. समजा पाच फैरींमधे प्रमाण विचलन ३ मीटर प्रति सेकंद आलं. छान दिसतं! पण साधं संख्याशास्त्र लावा. पाच नमुन्यांवरून ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की खरं विचलन १.८ ते ८.६ च्या मधे कुठेतरी आहे. म्हणजे उत्कृष्ट ते भिकार, काहीही. तीस फैरी झाडल्या तर तोच पट्टा साधारण २.४ ते ४ होतो. आता दहा पायऱ्यांवर तीस-तीस फैरी म्हणजे तीनशे झाल्या. इतक्या कोणी झाडत नाही. मग पाच फैरींच्या आलेखात जो खड्डा दिसतो त्याला "हाच तो चार्ज" म्हणायचं. आमच्याकडे याला म्हणतात तीनदा रन केलं, हिरवं आलं, शुक्रवारी संध्याकाळी रिलीज केलं. पुढचं तुम्हाला माहीत आहेच.

त्या गृहस्थांना हवा असलेला प्रोग्रॅम मी दीड तासात लिहिला असता. त्याने आलेख सुंदर काढला असता आणि दर वेळी आत्मविश्वासाने चुकीचं उत्तर दिलं असतं.

तिसरा मुद्दा, "बोल्ट ॲक्शन असो की सेमी ऑटोमॅटिक, काडतूस तेच." अजिबात नाही. आपल्याकडची जुनी एसएलआर आठवा, इशापूरची १ए१. गोळी बॅरलमधून जाताना मागचा थोडा गॅस एका छिद्रातून वळतो आणि पिस्टन ढकलतो. म्हणून तर तिला गॅस रेग्युलेटर असतो. आता पावडर सावकाश जळणारी घेतली तर गोळीचा वेग तोच मिळेल, पण त्या छिद्रापाशी दाब वेगळा असेल. वेगमापक म्हणेल सगळं ठीक आणि आत यंत्रणा मार खात असेल. अमेरिकेच्या एम-१ गारँडचा ऑपरेटिंग रॉड असा वाकतो हे तिकडच्या हँडलोडरना चांगलं ठाऊक आहे. त्याच गारँडमधे फायरिंग पिन मोकळी असते. टोपी जराशी वर राहिली किंवा फार नाजूक असली तर बोल्ट बंद होता होताच, ट्रिगरला हात न लावता, बार उडू शकतो. शिवाय अशा रायफली केस खेचून बाहेर फेकतात. पितळ ताणलं जातं, बुडाशी पातळ होतं आणि एखाद्या वेळी तिथेच तुटतं. बोल्ट ॲक्शनवाला हाताला जड लागलं की थांबतो. सेमीमधे थांबायच्या आत पुढचं काडतूस चेंबरमधे गेलेलं असतं.

"पण देशासाठी पदकं..." हा चौथा मुद्दा, आणि याचाच मला सर्वात राग येतो. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धा कुठल्या? १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर .२२. एअर रायफलमधे पावडरच नसते. .२२ रिमफायर आहे, तिचं स्फोटक केसच्या कडेतच भरलेलं असतं, त्यामुळे ती घरी भरण्याचा प्रश्नच येत नाही. कोल्हापूरकडच्या तेजस्विनी सावंतने २०१० ला म्युनिकमधे ५० मीटर प्रोनचं विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमधे ४५१.४ गुणांवर ब्राँझ मिळवलं. दोन्ही .२२ वर. तेव्हा सेमी ऑटोमॅटिकच्या हौसेला तिरंगा गुंडाळू नका, राव.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९, कलम २. त्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग तर आहेतच, तो बनवायची यंत्रसामग्रीही आहे. म्हणजे भोसरीच्या लेथवर निघालेली ती डाय कायद्याच्या नजरेत "दारूगोळा" ठरू शकते, पावडरचा एक कण नसताना! कलम ५ मधे बनवणे, विकणे, दुरुस्त करणे यांच्याच रांगेत टेस्ट आणि प्रूफ करणंही परवान्याखाली आहे. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. मेव्हणा अमेरिकेत असो की आकुर्डीत, लेथ भोसरीत आहे.

हा कायदा जुलमी आहे का? मला नाही वाटत. पिंपरी-चिंचवडच्या कुठल्याही आठवड्याचा पेपर उघडा. "गावठी पिस्तूल व जिवंत काडतुसे जप्त" ही बातमी सापडतेच. पिस्तूल गावठी असतं, काडतूस मात्र सहसा कारखान्याचं. नळी कुणीही भोक पाडून बनवेल, काडतूस तसं बनत नाही. म्हणजे नाकाबंदीची जागा काडतूस हीच आहे. जिथे गल्लोगल्ली चांगली लेथ आणि चांगला टर्नर आहे, त्या पट्ट्यात ही नाकाबंदी सैल करा म्हणणाऱ्याने आधी त्या बातम्या वाचाव्यात.

पण थांबा. सरकारला मी सोडणार नाहीये. बंदी घालायची आणि चांगला मालही द्यायचा नाही, हे चालणार नाही. ज्याला स्वतः भरता येत नाही त्याला विकत घेतलेल्या काडतुसाबद्दल सगळं कळायला हवं. परदेशात .२२ चे कारखाने नेमबाजाची रायफल पकडीत बसवून वेगवेगळे लॉट झाडून देतात, जो लॉट त्या बॅरलला मानवतो तो नेमबाज उचलतो. ब्रिटनमधे बर्मिंगहॅमला ईले हेच करते, जर्मनीत शोनेबेकला लापुआ. आणि आपल्याकडे बघा. खडकीचा कारखाना ज्या म्युनिशन्स इंडियाकडे २०२१ मधे गेला तिचं मुख्यालय पुण्यात. पाषाणला एआरडीई, सुतारवाडीला एचईएमआरएल, बालेवाडीला रेंज. चारही ठिकाणं बाइकवर एका सकाळीत होतात. जगात फार कमी शहरांत इतकी विद्या इतक्या जवळ असेल.

माझ्या मागण्या दोनच आहेत. एक, नागरी काडतुसाच्या प्रत्येक डब्यावर लॉट नंबरशेजारी तीन आकडे छापा: सरासरी वेग, विचलन आणि किती फैरींवर मोजलं. (तिसरा विसरू नका, नाहीतर पुन्हा पाच फैरींचा पुरावा!) दोन, बालेवाडीला एक सरकारी चाचणी बाक ठेवा. परवानाधारक नेमबाजाने रायफल आणावी, प्रशिक्षित माणसाने लॉट झाडून द्यावेत, निकाल कागदावर मिळावा. कायदा मोजमापाला परवान्याखाली ठेवतो ना, मग मोजून देण्याची जबाबदारीही त्यानेच घ्यावी. आणि आपल्या इंजिनियरांना काही करायचंच असेल तर त्या बाकाची यंत्रणा बनवा. सेन्सर, क्लॅम्प, सॉफ्टवेअर, सगळं भोसरी-चाकणात बनेल. मी फुकट कोड लिहून देतो, लेखी.

असो. मित्राने काम नाकारलं. तिन्ही नगांचे पैसे चांगले होते आणि त्याचं एक मशीन त्या आठवड्यात रिकामं होतं, हेही सांगतो, म्हणजे नकाराची किंमत कळेल. ते गृहस्थ ड्रॉइंगची नीट घडी करून निघून गेले. गल्लीत अजून चाळीस-एक गाळे आहेत आणि "पार्टच तर आहे" म्हणणारा एखादा भेटेलच. पोलिसांना सांगायचं का, यावर आमचे दोन दिवस गेले. त्याला वाटतं उगाच लफडं मागे लागेल. मला वाटतं उद्या शेजारच्या गाळ्यातल्या टर्नरला सात वर्षं लागली तर आपण चहा पिऊ शकणार नाही.

सोमवारी सकाळी दोघं मिळून चौकीवर जातोय. टपरीवरच्या सहा जणांपैकी कोणाला यायचं असेल तर दहा वाजता या.