पाय बघणारा डॉक्टर कुठे मिळेल?

तूर कापून झाली की रानात धसकटं उरतात. विळ्याने तिरपी छाटलेली, उन्हाने वाळून टणक झालेली. कंधार, लोहा, मुखेडच्या काळ्या रानात राबणाऱ्या माणसाच्या पायात ती कधी ना कधी घुसतातच. झिजलेली स्लिपर असेल तर हमखास. ज्याला दुखतं तो बांधावर बसतो, काडी उपसून काढतो, हळद दाबतो, चार दिवस लंगडतो आणि पुन्हा कामाला लागतो. खरा धोका ज्याला दुखतच नाही त्याला. घरी आल्यावर, कधी दुसऱ्या दिवशी, त्याला चपलेत ओल लागते. वाकून तळवा बघता येत नाही, नजरही अधू झालेली. घरच्यांना जखमेचा पत्ता लागतो तो वास सुटल्यावर.

पाय असा बधिर होतो तो बहुतेक वेळा मधुमेहाने. वर्षानुवर्षं साखर चढी राहिली की पायाच्या टोकाकडच्या नसा आधी मरतात. मग घाम येणं थांबतं, कातडी कोरडी पडून फाटते. पावलातले बारीक स्नायू दुबळे होतात, बोटं आकडीसारखी वळतात आणि सगळा भार चवड्याच्या एखाद्याच ठिकाणी येतो. तिथे घट्टा पडतो. घट्टा जाड होत जातो आणि त्याच्याखाली, वरून काहीही न दिसता, मांस कुजू लागतं. त्यात रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तंबाखू-बिडी चालू असेल, तर जखम भरून येणार कशी?

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जगभरचे अभ्यास सांगतात की मधुमेही माणसांपैकी साधारण चौघांत एकाला आयुष्यात कधीतरी पायाला जखम होते आणि मधुमेहात पाय कापावे लागतात त्यांतल्या दहापैकी आठांहून अधिक वेळा सुरुवात अशाच जखमेपासून झालेली असते. म्हणजे पाय कापण्याची वेळ येण्याआधी बहुतेकांना सावध होण्याची संधी मिळालेली असते. ती हुकते, कारण पाय कोणी बघतच नाही.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत बैल घ्यायला आलेला शेतकरी खूर उचलून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. आपल्याकडे साखर तपासायला आलेल्या माणसाला मात्र चपला काढायला सांगितलं जात नाही. बोटातून रक्ताचा थेंब घेतला, आकडा लिहिला, गोळ्या दिल्या, संपलं.

मग पायाचा डॉक्टर शोधायचा कुठे? ब्रिटनमध्ये पोडियाट्रिस्ट हा नोंदणीकृत स्वतंत्र व्यावसायिक असतो आणि बारा वर्षांवरच्या प्रत्येक मधुमेही माणसाच्या पायाची वर्षातून एकदा तपासणी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत ठरलेली असते. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यव्यवसायांच्या कायद्याने या व्यवसायाला यादीत जागा दिली, पण तालुक्याच्या गावी असा माणूस बसलेला दिसत नाही. महाराष्ट्रात हे काम उभं केलं ते काही मोजक्या जिद्दी डॉक्टरांनी. मुंबईत डॉ. अरुण बाळ यांनी शल्यचिकित्सक म्हणून मधुमेही पाय हाच आपला विषय केला. नागपूरच्या डॉ. शरद पेंडसे यांनी डॉक्टर आणि नर्सच्या जोड्यांना पाय तपासायला, घट्टे काढायला, चपला सुचवायला शिकवण्याच्या 'स्टेप बाय स्टेप' या उपक्रमात पुढाकार घेतला. पण मुंबई-नागपूर कंधारपासून फार लांब.

कंधारकराला नांदेड किंवा लातूर गाठावं लागतं. नांदेडच्या विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, दोन्हीकडे शल्यचिकित्सा, अस्थिरोग, त्वचारोग हे विभाग आहेत. पायाची पाटी लावलेली खोली नसली तरी कोणाकडे जायचं हे कळलं तर हेलपाटे वाचतात. भरत नसलेली जखम शल्यचिकित्सकाकडे. कातडी आणि नखांची तक्रार त्वचारोगतज्ज्ञाकडे. टाच, घोटा, वाकडी बोटं अस्थिरोगतज्ज्ञाकडे. चालताना पोटरी भरून येत असेल, बोट थंडगार किंवा काळंनिळं पडत असेल तर रक्तवाहिन्यांचा तज्ज्ञ लागतो आणि तिथे उशीर परवडत नाही. मधुमेह असलेल्याचा एक पाय अचानक सुजून गरम झाला आणि फारसा दुखत नसला, तर ती मुरगळ समजून शेकत बसू नये. आतली हाडं मोडत असू शकतात. त्या पायावर भार देणं तिथल्या तिथे थांबवावं लागतं.

डॉक्टर जाणकार आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. तो दोन्ही पाय उघडे करायला लावतो, बोटांच्या बेचक्या बघतो, पावलावरची आणि घोट्यामागची नाडी चाचपतो आणि चप्पल हातात घेऊन आतून हात फिरवतो. मग नायलॉनचा एक जाड दोरा काढतो. हा दोरा १० ग्रॅम दाबाला वाकेल असाच बनवलेला असतो. रुग्णाने डोळे मिटायचे, डॉक्टर दोरा अंगठ्याला, चवड्याला टेकवून वाकेपर्यंत दाबतो आणि विचारतो, "कळतंय का?" ज्याला कळत नाही, त्याच्या पायाला पुढे जपावं लागणार. एवढ्या तपासणीला पाच मिनिटंही लागत नाहीत.

अर्थात पायाची प्रत्येक तक्रार एवढी गंभीर नसते. सकाळी पलंगावरून उतरताना पहिल्या पावलाला टाच ठणकते, तेव्हा लोक 'टाचेचं हाड वाढलं' म्हणून एक्स-रे काढतात. वाढलेलं हाड न दुखणाऱ्या कित्येक टाचांतही असतं. दुखणं असतं तळव्याच्या ताणलेल्या पट्ट्याचं आणि पोटरीचे ताण देणारे व्यायाम, मऊ टाचेची चप्पल व काही महिन्यांचा धीर यांनी ते बहुतेकांचं जातं. कुरुपाला मूळ असतं हा समज तर घट्ट रुजलेला. ते एकाच जागी पडणाऱ्या दाबाने जमलेलं कातडं असतं. ब्लेडने कितीही कोरलं तरी चप्पल तीच राहिली की कुरूपही परत येतं. पावसाळ्यात ओल्या रानात खुरपणाऱ्या बायकांच्या बोटांत चिखल्या होतात. मेडिकलवरून न विचारता आणलेल्या मलमात स्टिरॉइड असेल तर खाज दोन दिवस थांबते आणि बुरशी आणखी पसरते.

बिब्ब्याबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. बिब्बा तापवून त्याचं तेल भेगेत किंवा कुरुपावर सोडणं मराठवाड्यात घरोघर चालत आलं आहे. ते तेल कातडी जाळतं. जाणीव शाबूत असलेला माणूस चटका बसताच पाय ओढून घेतो, बधिर पायाचा माणूस शांत बसून राहतो. कॉर्न कॅपमधल्या आम्लाचं आणि गरम पाण्याच्या शेकाचंही तेच. उन्हाळ्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा, कोजागिरीला पायी तुळजापूर, घट्ट झालेली आणि वर्षानुवर्षं न काढलेली जोडवी, या सगळ्यांतून जखमा होतात. श्रद्धेला हात न लावता हे सांगता येतं आणि ते पुजाऱ्याने, कीर्तनकाराने सांगितलं तर डॉक्टरपेक्षा लवकर पटेल.

बधिर पाय कसा सांभाळायचा हे ज्ञान आपल्याकडे सत्तर वर्षांपासून आहे. वेल्लोरला १९४६ पासून काम करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या पायांचा अभ्यास करून दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. वेदना नसल्याने होणाऱ्या जखमा, दाब, भाजणं, झोपेत उंदराने कुरतडणं यांनी ती जातात. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी हीच समज मधुमेहींच्या पायांसाठी वापरली. कुष्ठरोग कार्यक्रमात आजही बधिर पायाच्या रुग्णांना मऊ रबराच्या एमसीआर चपला मोफत मिळतात. त्या कार्यक्रमातला कर्मचारी साध्या बॉलपेनच्या टोकाने तळव्याची जाणीव तपासतो, पाय भिजवून तेल लावायला शिकवतो, रोज तळवा बघायची सवय लावतो. मधुमेहीला लागतं ते जवळपास हेच. मग एकाच आरोग्य केंद्रात कुष्ठरुग्णाचे पाय बघणारा कर्मचारी आणि मधुमेहीची साखर मोजणारी नर्स यांची गाठ का पडू नये?

तिशीपुढच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब तपासण्याचा सरकारी कार्यक्रम गावोगाव चालतो, आशाताई घरोघरी अर्ज भरतात. त्यांना 'इप्सविच'ची पद्धत एका दुपारी शिकवता येईल. इंग्लंडमधल्या इप्सविच गावच्या डॉक्टरांनी ती २०११ साली मांडली: रुग्णाने डोळे मिटायचे, दोन्ही पायांचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी यांना तर्जनीने एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करायचा, दाबायचं नाही. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणचा स्पर्श कळला नाही तर पाय बधिर होत चालला आहे असं समजायचं. यंत्र नाही, खर्च नाही. घरातली सूनही सासऱ्याचे पाय असे तपासू शकते.

कंधारच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक सकाळ पायांसाठी राखून ठेवावी. एक प्रशिक्षित नर्स, तो नायलॉनचा दोरा, घट्टे खरवडायची हत्यारं आणि कुष्ठरोग विभागाकडून येणाऱ्या एमसीआर चपलांमध्ये मधुमेहींसाठी वाढीव मागणी, एवढ्याने सुरुवात होते. ज्याची जखम तिथे आवरणार नाही त्याला नांदेडला पाठवताना चिठ्ठीवर 'पायाला जखम' एवढंच न लिहिता नाडी लागते की नाही, जाणीव आहे की नाही हेही लिहावं. जिल्ह्याच्या वार्षिक आराखड्यात औषधांसाठी तरतूद होते, तशी या चपलांसाठी व्हायला हवी. ती मागणी तालुक्यातल्या लोकप्रतिनिधींनी आणि पंचायत समितीने लावून धरावी.